आले नाहीत, म्हणजे बरे झाले

लग्नाकार्यात जेवणाच्या रांगेत कुणी ना कुणी मला गाठतंच. "तुम्ही मेडिकल कॉलेजात होतात ना? मग हा रिपोर्ट जरा बघा की." मी सांगते, मी डॉक्टर नाही. "मग नर्स?" नाही. "मग ऑफिसात?" तेही नाही. मी संख्याशास्त्राची. डॉक्टर लोक जे संशोधन करतात, त्यातले आकडे तपासायचं माझं काम. एवढं ऐकलं की समोरच्याचा चेहरा पडतो आणि तो जिलबीकडे वळतो. त्याचं काही चुकत नाही. माझ्या सख्ख्या नणंदेलाही तीस वर्षांत मी नेमकं काय करते ते कळलं नाही.

कळायला अवघड काही नाही. डॉक्टर औषध देतात आणि म्हणतात, गुण आला. तो औषधानं आला, की चार दिवसांनी आपोआप येणारच होता, की आलाच नाही आणि डॉक्टरांनाच तसं वाटलं, हे कुणीतरी तिऱ्हाईतानं बघायला हवं. ती तिऱ्हाईत बाई म्हणजे मी. औषधात काहीच दम नसताना निव्वळ योगायोगानं एवढा फरक दिसण्याची शक्यता किती, याचा एक आकडा निघतो. त्याला पी व्हॅल्यू म्हणतात. ती जितकी छोटी, तितके डॉक्टर खूश. एमडी करणारी पोरं प्रबंध जमा करायच्या आदल्या आठवड्यात धावत यायची, "मॅडम, तेवढी पी काढून द्या ना." जणू मी झेरॉक्सचं दुकान टाकून बसले होते.

माझ्या खोलीतल्या फळ्यावर तीन प्रश्न कायम लिहिलेले असत. किती रुग्ण घेतले? शेवटपर्यंत किती राहिले? बाकीचे कुठे गेले? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं सगळे देत. तिसऱ्याला घाम फुटायचा. "मॅडम, ते आलेच नाहीत परत." आले नाहीत म्हणजे काय झालं त्यांचं? मेले? दुसऱ्या डॉक्टरकडे गेले? औषधानं पोट बिघडलं म्हणून पळाले? जा, शोधून या. पोरं मला मागे खडूस म्हणायची. मला ते माहीत होतं आणि आवडतही होतं.

एक नमुना सांगते. मराठवाड्यातून आलेला एक मुलगा, हुशार, अक्षर मोत्यासारखं. त्याच्या प्रबंधात रुग्ण तपासणीला आलेल्या तारखा मी कॅलेंडरशी पडताळून बघत होते. रविवार सगळे वगळलेले, दिवाळी वगळलेली, धुळवड वगळलेली. छान. आणि रंगपंचमीला मात्र एकाच दिवशी ढीगभर रुग्ण! मी त्याला बोलावलं. म्हटलं, "बाळा, नाशकात रंगपंचमीला माणसं रहाडीत उड्या मारतात. रंगाच्या पाण्यानं भरलेले ते जुने हौद तू अजून बघितले नाहीस का? त्या दिवशी इथं कुत्रंसुद्धा दवाखान्यात येत नाही." तो म्हणाला, "मॅडम, आमच्याकडं धुळवडीलाच खेळतात." झालं! खुर्चीत बसून तारखा रचल्या होत्या, आणि रचताना गावाकडचं कॅलेंडर डोक्यात होतं. मी त्याला वर्षभर पुन्हा काम करायला लावलं. आज तो चांगला डॉक्टर आहे, आणि रंगपंचमीला मला न चुकता फोन करतो.

विंचूरकडच्या एका डॉक्टरनं आपल्या अभ्यासाचा निकाल लागायच्या आधी द्राक्षांची पेटी पाठवली होती. मी ती परत केली. खरं सांगायचं तर एक घड काढून घेऊन परत केली, पण निकाल तोच दिला: औषधाचा काडीचाही उपयोग नाही. त्यानं पुढे वर्षभर माझ्याशी बोलणं टाकलं.

हे सगळं मिरवून का सांगतेय, तर अशी ही खडूस बाई, फळ्यावर तीन प्रश्न लिहिणारी, शेवटी कुठे आपटली ते तुम्हाला कळावं म्हणून. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ मला लांबून दिसायचं.

करोनानंतर आमच्या ओपीडीत एका विचित्र तक्रारीचे रुग्ण वाढले. कुठला तरी ताप येऊन गेलेला, पण ताप गेल्यावर अंगातली ताकद जी गेली ती परत आलीच नाही. रक्त तपासा, सगळं ठीक. छातीचा फोटो, ठीक. आणि माणूस मात्र आंघोळ केली तरी दिवसभर झोपून. याला क्रॉनिक फटीग सिंड्रोम म्हणतात. नावात थकवा असल्यामुळे लोकांना वाटतं, त्यात काय, थकतो तर आम्हीही. पण आपला थकवा झोपेनं जातो, यांचा जात नाही. आणि यांची खरी खूण वेगळीच. आज थोडं जास्त काम केलं तर त्याची शिक्षा उद्या-परवा मिळते, आणि मग आठ-आठ दिवस माणूस अंथरुणातून उठत नाही.

आमच्या विभागप्रमुखांनी, म्हणजे सरांनी, यांच्यावर अभ्यास करायचा ठरवला. सर माणूस वाईट नव्हते, हे आधीच सांगते. गरिबाला औषधं पदरची द्यायचे, रुग्णाच्या खांद्यावर हात ठेवून बोलायचे. त्यांचं मत असं की ही माणसं आजाराला भ्यालेली आहेत. अंथरुणात पडून अंग आणखी ढिलं होतं. म्हणून रोज ठरवून चालायचं, दर आठवड्याला चालणं वाढवायचं, दुखलं तरी थांबायचं नाही, आणि जोडीला समुपदेशन. सहा महिन्यांनी शेवटच्या तपासणीत विचारायचं, कसं वाटतंय? फॉर्मवर चार रकाने होते: खूप बरं, थोडं बरं, तसंच आहे, त्रास वाढला.

फॉर्म भरायला सुनंदा नावाची बाई नेमली होती. मनमिळाऊ, चटपटीत, गावोगावच्या माणसांशी पाच मिनिटांत मायलेकीसारखं बोलणारी. ती सरांच्या टेबलाशेजारी बसून रुग्णाला विचारायची आणि खूण करायची. ते फॉर्म माझ्याकडे आले. मी तक्ता मांडला आणि दोन गोष्टी बघितल्या. एक, बरेच रुग्ण शेवटच्या तपासणीला आलेच नव्हते. दोन, चौथा रकाना रिकामा होता. पूर्ण अभ्यासात त्रास वाढला म्हणणारा एकही माणूस नाही!

अहो, साध्या सर्दीच्या गोळ्यांच्या अभ्यासातसुद्धा कुणीतरी म्हणतंच की मला जास्त झालं. मला ते खटकलं. पण खटकून मी काय केलं, तर चहा मागवला.

न आलेल्यांबद्दल मात्र मी सुनंदाला विचारलं. ती हसली. "अहो मॅडम, बरं वाटलं की कोण येतंय दवाखान्यात? एसटीचा खर्च, रोज बुडतो. दुखत असलं असतं तर धावत आले असते की!" सर शेजारीच होते. ते म्हणाले, "करेक्ट. मॅडम, तुम्हाला आपली माणसं माहीत नाहीत का?"

आणि मला पटलं. हेच तर सांगायचं आहे, मला ते मनापासून पटलं. माझी आई अंगातला ताप उतरला की डॉक्टरांचं उरलेलं औषध कोनाड्यात ठेवायची आणि पुन्हा तिकडे फिरकायची नाही. माझ्या सासरीही तेच. आमच्याकडे दवाखान्यात परत न जाणं हीच बरं झाल्याची पावती. म्हणून मी, जिनं तीस वर्षं पोरांना "बाकीचे कुठे गेले, जा शोधून या" म्हणून रडवलं, तिनं कॉम्प्युटरवर बसून एक नियम टाकला: शेवटच्या तपासणीला न आलेले रुग्ण 'थोडं बरं' धरावेत. एका ओळीचा नियम. पी एकदम झकास आली.

लेख छापून आला. सरांचा सत्कार झाला. सत्काराला मीही गेले होते, माझंही नाव लेखकांत तिसरं होतं. मग रुग्णालयानं रंगीत पत्रक काढलं, ओपीडीच्या भिंतीवरही तेच चिकटवलं. 'चला आणि बरे व्हा.' खाली लिहिलेलं, की या उपचारानं बहुतेक रुग्णांना गुण आला आहे.

पुढच्या हिवाळ्यात एक माणूस ते पत्रक हातात घेऊन माझ्या दाराशी उभा राहिला. शर्टाला झेंडूचा वास, पायात मातीनं भरलेल्या चपला. ज्ञानेश्वर त्याचं नाव. मखमलाबादच्या पुढे त्याचा मळा, झेंडू-शेवंती आणि थोडा भाजीपाला. ओपीडीत त्यानं काही विचारलं तेव्हा शिपायानं सांगितलेलं, आकड्यांचं त्या मॅडमला विचारा.

बसा म्हटलं तरी बसला नाही. "मॅडम, मी लय बोलणारा माणूस नाय. एकच विचारतो. ह्याच्यात लिहिलंय बहुतेक बरे झाले. मंग आमची का नाय झाली?"

'आमची' म्हणजे त्याची बायको, मंगल. पहाटे सगळ्यांच्या आधी फुलं तोडायला उतरणारी बाई. ताप येऊन गेला आणि ती बसली ती बसलीच. सरांच्या अभ्यासात तिला घेतलं. सांगितल्याप्रमाणे बांधावरून रोज चालवलं. ती रडायची, तर सासू हाताला धरून ओढायची, कारण डॉक्टरांनीच सांगितलेलं, रडली तरी थांबायचं नाही. तीन महिन्यांत तिचं उभं राहणं गेलं.

"घरात सगळे म्हणतात, नाटक करती. म्हातारी म्हणती, बाकीच्यांना गुण आला, हिलाच बरी काम सोडून झोप येती. येत्या रविवारी बैठक हाय आमची. तिला माहेरी धाडायचं का, त्याच्यावर. तुम्ही सांगा, तिचा आजार खरा हाय का नाय? तुम्ही लिहून दिलं तर मी बैठकीत दाखवीन."

मी यादी उघडली. मंगलचं नाव सापडलं. शेवटच्या तपासणीला गैरहजर. पुढच्या रकान्यात माझा नियम बसलेला: थोडं बरं.

समजलं का तुम्हाला? ज्या पत्रकावर बोट ठेवून तो विचारत होता की माझी बायको बरी का झाली नाही, त्या पत्रकातल्या बऱ्या झालेल्यांत त्याची बायको मोजलेली होती. ती तपासणीला आली नव्हती, कारण तिला उठताच येत नव्हतं.

त्या क्षणी तोंड उघडून सांगायला हवं होतं. कागद ओढून दोन ओळी खरडायला हव्या होत्या, की बाई आजारी आहे, आमचा हिशेब चुकला. माझ्या तोंडून काय निघालं? "मला नीट तपासावं लागेल. पंधरा दिवसांनी या." तो बरं म्हणाला आणि पत्रकाची घडी घालून गेला.

पंधरा दिवस! रविवारी बैठक आहे हे त्यानं माझ्या तोंडावर सांगितलं होतं. मी ते ऐकलंच नाही. मी माझ्या तक्त्याचा विचार करत होते.

तपासलं मात्र मी. सुनंदाला खोलीत घेतलं, दार लावलं, आणि न आलेल्यांची यादी घेऊन आम्ही एकेकाला फोन करत बसलो. काहीजण खरोखर बरे झाले होते, तेही सांगते, खोटं कशाला बोलू. पण बाकीचे! कुणाच्या आईनं फोन उचलला आणि सांगितलं, पोरगा अंधारात पडून असतो. एका शिक्षिकेची नोकरी गेलेली. नाशकातल्याच द्वारका चौकाजवळचा एक दुकानदार माझ्यावर ओरडला, "आता आठवण झाली का?" सुनंदा पाचव्या-सहाव्या फोननंतर रडायला लागली.

मग मी तिला दुसरं विचारलं. जे आले होते, त्यातल्या कुणीच त्रास वाढला असं कसं म्हटलं नाही? ती डोळे पुसत म्हणाली, "मॅडम, सर समोर बसलेले. फुकट औषधं दिलेली, चहा पाजलेला. मी विचारायची, कसं वाटतंय? ते सरांकडे बघून म्हणायचे, बरं हाय. आता एवढं करणाऱ्या माणसाच्या तोंडावर बरं नाय म्हणून कोण सांगेल?" खरंच, कोण सांगेल? आपल्याकडे मरणाच्या दारातला माणूससुद्धा भेटायला आलेल्याला बरंय म्हणतो आणि वर विचारतो, चहा घेणार ना. ते उत्तर नसतं, ती रीत असते. आणि आम्ही शहाण्यांनी ती रीत मोजून पी काढली होती. मी कायम टेबलामागे बसून उंटावरून शेळ्या हाकल्या. एकदा जरी त्या खोलीत जाऊन बसले असते तरी कळलं असतं.

सरांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "नियम कुणी टाकला, मॅडम?" मी म्हटलं, मी. "तक्त्यावर सही कुणाची?" माझी. "तुमच्या रिटायरमेंटला किती राहिलेत? काही महिनेच ना? कशाला शेवटी हात दाखवून अवलक्षण? लोकांचा उपचारावरचा विश्वास उडेल." त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं, मलाही भांडता आलं असतं.

लेख ज्यात छापला होता त्या जर्नलला मी पत्र लिहिलं. चूक माझी आहे हेही लिहिलं. आभाराचं उत्तर आलं. मग सरांचा खुलासा मागवला गेला, मग तज्ज्ञाकडे गेला, मग मी निवृत्त झाले, मला शाल मिळाली, श्रीफळ मिळालं. त्यानंतरही कितीतरी महिन्यांनी एका अंकाच्या शेवटच्या पानावर बारीक टाइपात शुद्धिपत्र आलं. न आलेल्या रुग्णांची मोजणी कशी केली ते लेखकांनी स्पष्ट केलं आहे, निष्कर्षात बदल नाही. कर्म माझं! न आलेले काढून टाकले तर निष्कर्ष उरतच नाही, हे मी आकड्यांसकट लिहून दिलं होतं. ते आकडे कुणी छापले नाहीत. भिंतीवरचं पत्रक अजून आहे, मागच्या महिन्यात नातीला लस द्यायला गेले तेव्हा बघितलं. नवीन छापलंय, कागद गुळगुळीत आहे.

ज्ञानेश्वर पंधरा दिवसांनी आला नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेलच. इतरांना शोधण्याच्या गडबडीत मी त्याला शोधलं नाही, यादीतला मंगलचा नंबर तेवढा फिरवला नाही. का, ते मला विचारू नका. लाज वाटत होती. निवृत्तीनंतर, शुद्धिपत्र आल्यावर, मी साध्या मराठीत एक कागद लिहिला: मंगलचा आजार खरा आहे, तिला अभ्यासात बरी धरलं ती माझी चूक आहे, चालवल्यानं तिचा त्रास वाढला असावा. खाली सही केली आणि मळ्यावर गेले.

तो शेवंतीला पाणी भरत होता. कागद त्यानं दोनदा वाचला. "मॅडम, बैठक रविवारी होती. मी बोललो होतो तुम्हाला."

"हो. बोलला होता."

"ती कळवणला हाय, आईकडं. त्याच रविवारी धाडली." कागद त्यानं खिशात ठेवला. मी विचारलं, आता आणणार का तिला? त्यानं फावड्यानं पाणी पुढच्या सरीत वळवलं. "मीच तिला नाटकी म्हणालो, चारचौघांत. आता कोणत्या तोंडानं आणू?"

मी कळवणची एसटी पकडली. मंगलचं माहेर गावाबाहेर, दोन खोल्यांचं घर. तिच्या आईनं दारातच ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोला, ताई. आवाज सोसत नाय तिला." खिडकीला गोधडी लावलेली. मंगल कॉटवर, डोळ्यांवर ओढणी. मी तिला आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. तिच्यावर माझा लेख छापून आला होता, आणि मी तिला कधी बघितलेलं नव्हतं.

थांबत थांबत सगळं सांगितलं. नियम, तक्ता, तिच्या नावापुढचं 'थोडं बरं'. 

मंगल ओढणीखालून म्हणाली, "जे आले नाय, ते सगळे बरे धरले?"

"हो."

"फोन होता की घरात. विचारायचं होतं."

 तिची आई आत कप-बश्या काढायला लागली. काहीतरी बोलायला हवं म्हणून, निव्वळ सवयीनं, माझ्या तोंडून तोच प्रश्न निघाला. "मंगल, आता कसं वाटतंय?"

आईनंच आतून घाईघाईनं उत्तर दिलं. "बरी हाय, ताई, बरी हाय. तुम्ही चहा घ्या."

"नाय, आई." मंगलनं डोळ्यांवरची ओढणी बाजूला केली आणि माझ्याकडे बघितलं. "बरं नाय, मॅडम. पहिल्यापेक्षा लय वाईट हाय. तुम्ही चालायला लावलं तवापासून."

आई दारात आली, पार ओशाळलेली. "असं काय बोलती गं? त्या एवढ्या लांबून आल्या."

"बोलू द्या तिला," मी म्हटलं.

पिशवीत त्या अभ्यासाचा एक कोरा फॉर्म होता. जर्नलला पाठवायच्या कागदांबरोबर ठेवलेला, तिथेच राहिलेला. मी तो काढला. वर मंगलचं नाव लिहिलं, आणि चौथ्या रकान्यात खूण केली. त्रास वाढला.

तिच्या आईनं चहाचा कप माझ्यासमोर ठेवला आणि फॉर्मकडे बघून विचारलं, "आता हे कुठं द्यायचं असतं, ताई?"

कुठेच नाही. अभ्यास कधीच संपला होता.